‘दुसरे एकल’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ या पॉप रॉक गाण्यावर मराठीत लिहिताना ‘अल्बममधून प्रदर्शित झालेले दुसरे एकल’ असं वाक्य झालंय. ‘सिंगल’ला, म्हणजे अल्बमपासून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या गाण्याला, ‘एकल’ चालेल का? आणि ‘सिंगल’च ठेवलं, तर तो, ती की ते?

‘एकल’ नको. गाण्याबजावण्याच्या संदर्भात मराठी माणूस एकल म्हणतो ते एकट्याच्या सादरीकरणाला: एकल तबलावादन, एकल गायन. इथे चौघांचा बँड आहे. गाणं लिहिलं बास वाजवणाऱ्या जॉन डिकनने, त्यातला इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवला. गायलं पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने, आणि त्याच्यामागे आवाजांचे थरावर थर. याला ‘दुसरे एकल’ म्हटलं की वाचक विचारणार, कोणाचं? पुढे १९८४ साली मर्क्युरीने बँडबाहेर, स्वतःच्या एकट्याच्या नावावर सिंगल काढलंच. या हिशेबाने ते ‘एकल एकल’ झालं! ‘एकेरी’ बॅडमिंटनवाल्यांकडेच राहू द्या.

घोळ होतो तो ‘सिंगल म्हणजे एक’ असं धरून चालल्यामुळे. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी सात इंची तबकडी अमेरिकेत १९४९ साली बाजारात आली. तिला बाजू दोन आणि साधारणपणे दर बाजूला एक गाणं, म्हणजे सिंगल विकत घेणाऱ्याच्या हाती गाणी दोन पडायची. संख्येवर जाऊन हा शब्द कळत नाही, विक्रीवर जाऊन कळतो. अख्खं पाकीट न घेता टपरीवर सुटी बिडी मिळते, तसं अख्खा अल्बम न घेता मिळणारं गाणं. म्हणून अर्थ सांगायचाच असेल तर माझं मत ‘सुटं गाणं’ याला. ते कोशातून उचलल्यासारखं वाटत नाही, आणि हल्ली तबकडीशिवाय नुसतं ऑनलाइन येणारं सिंगलही त्यात बसतं.

तुमचंच उदाहरण घ्या. १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट दी ऑपेरा’मध्ये गाणी १२, पण सिंगल निघाली दोनच. पहिलं ‘बोहेमियन रॅप्सडी’, ३१ ऑक्टोबरला, अल्बमच्या तीन आठवडे आधी. दुसरं तुमचं, १९७६ मध्ये. पहिल्याच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, दुसऱ्याच्या मागे गिटारवाल्या ब्रायन मेचं. आता ‘एकल’वाल्या वाक्यात ही मागची गाणी ठेवायची कुठे? आणि त्यांना ‘दुय्यम गाणं’ म्हणणंही जपून. तबकडी खपली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना मानधन सारखंच मिळायचं. ‘बोहेमियन रॅप्सडी’ ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, त्यात टेलरचंही भलं झालं. ‘मागची बाजू’ किंवा सरळ ‘बी साइड’ म्हणा. १९९१ मध्ये, मर्क्युरीच्या मृत्यूनंतर, ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा निघालं तेव्हा जोडीच्या गाण्यालाही ‘ए’चा, म्हणजे मुख्य बाजूचा, मान होता. अशा तबकडीला ‘दुहेरी ए बाजू’ हे भाषांतर मी वाचलंय; ‘दोन्ही बाजू मुख्य’ म्हटलं की फोड करून सांगावं लागत नाही.

आता लिंग. उसना शब्द मराठीत बहुधा मनातल्या मराठी शब्दाचं लिंग घेतो. क्रिकेटमध्ये आपण ‘सिंगल काढली’ म्हणतो, कारण मनात धाव असते. तसंच इथे: गाणं मनात असेल तर ‘नवं सिंगल आलं’, हातातल्या वस्तूबद्दल बोलत असाल तर ‘सिंगल घासली गेली, सुई उडते’, कारण ती तबकडी. दोन्ही बरोबर, फक्त एकाच परिच्छेदात उड्या मारू नका. ‘तो सिंगल’ही कानावर येतो, बहुधा ‘तो अल्बम’च्या संगतीने आलेला. मला तो खटकतो, पण चूक म्हणून खोडणार नाही.

‘प्रदर्शित’ मात्र खोडेन. प्रदर्शित होतो तो सिनेमा. गाणं निघतं, येतं, फार औपचारिक लिहायचं तर प्रकाशित होतं. आणि पुढच्या वाक्यांत ‘चार्ट’ येईलच, त्याचा ‘तक्ता’ करू नका; तक्ता शाळेच्या भिंतीवर. ‘विक्रीच्या क्रमवारीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं’ असं लिहा, ब्रिटनमध्ये ते तिथवरच पोचलं होतं.

तर तुमचं वाक्य असं: ‘या अल्बममधून निघालेलं हे दुसरं सिंगल, मागच्या बाजूला ब्रायन मेचं गाणं होतं.’