जपानी शिकतेय, पण आतून रिकामं रिकामं वाटतं

प्रश्न: ताई, माझं वय २९, कॉमर्स केलं आणि सहा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. घरी कुणाचा त्रास नाही, पगार वेळेवर होतो, पण रात्री झोपताना वाटतं की आजचा दिवस नक्की कशासाठी होता. चार वर्षांपासून जपानला जाऊन राहायचं डोक्यात आहे. हिरागाना-काताकाना, म्हणजे जपानीच्या दोन मूळ लिप्या, तीनदा शिकून झाल्या, दरवेळी पुस्तक पाचव्या-सहाव्या धड्यावर अडकतं आणि मग महिनाभर नुसते तिथल्या गल्ल्यांचे, ट्रेनचे व्हिडिओ बघत बसते. आई म्हणते खूळ आहे हे. मला खरंच जपान हवंय की फक्त इथून निघायचंय, तेच कळत नाही.

उत्तर: अगं, तुझं शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं माझ्या, कारण हाच प्रश्न स्वतःला विचारायचा राहून गेला आणि मी तशीच विमानात बसले होते. लँग्वेज स्कूलला अॅडमिशन घेतली आणि स्टुडंट व्हिसावर दोन वर्षं सैतामाला राहिले, टोकियोच्या शेजारीच. तिथला पहिला हिवाळा अजून आठवतो. शुक्रवारी क्लास सुटला की सोमवार सकाळपर्यंत माझं बोलणं व्हायचं ते फक्त खालच्या कोंबिनीच्या, म्हणजे छोट्या किराणा दुकानाच्या काउंटरवर, ती मुलगी विचारायची 'फुकुरो वा?', म्हणजे पिशवी हवी का, आणि मी म्हणायचे 'दाइजोबु देस', नको. संपलं. देश बदलला, भाषा बदलली, आणि रात्री झोपताना जे वाटायचं ते अगदी तू लिहिलंयस तेच.

जाऊ नकोस असं नाही म्हणत मी, मी स्वतः पुन्हा जाईन. पण जपान आणि हे रिकामपण तू एकाच गाठीत बांधलंयस. त्यामुळे काय होतं बघ, तू पाचवा धडा उघडतेस आणि तुला दिसतात त्या रोजच्या वापरातल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपीतली अक्षरं, व्हिसा, वय, मग धडा मिटतो आणि व्हिडिओ सुरू होतात, कारण व्हिडिओत तू आधीच पोचलेली असतेस.

खरं तर भाषा तुझ्या हाताशी आहे गं. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. प्रश्न विचारताना आपण म्हणतो 'येणार का?', ते म्हणतात 'किमास का?'. आपण म्हणतो 'छान आहे ना?', ते म्हणतात 'ईई देस ने'. आपलं घराचा, घराची, घराचे, तिकडे सगळ्याला एकच 'नो', लिंगाची भानगडच नाही. आणि हिरागानाचा क्रम कधी मोठ्याने म्हणून बघितलायस? अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेच्याच वाटेने चाललाय ना? योगायोग नाहीये तो, बौद्ध धर्मासोबत संस्कृत वर्णांचा अभ्यास तिकडे पोचला, त्यातून आलाय. मला हे कळलं तेव्हा एवढा आनंद झाला होता की मी रात्री अकरा वाजता आईला फोन केला.

आता एक कर. पुस्तक राहू दे बाजूला थोडे दिवस, एक वही घे आणि रोज झोपायच्या आधी आजच्या दिवसाबद्दल तीन ओळी जपानीत लिही, चुकल्या तरी चालेल. पहिल्या आठवड्यात माझ्या होत्या 'शिगोतो ओ शिमाशिता. त्सुकारेमाशिता. नेमास.' म्हणजे पार्टटाइमचं काम केलं, दमले, झोपते. रोज तेच. नवव्या दिवशी मलाच ते वाचवेना, म्हणून सकाळी शेजारच्या आजींना मुद्दाम 'सामुई देस ने' म्हटलं, थंडी आहे ना, निव्वळ रात्री लिहायला काहीतरी हवं म्हणून. आजी थांबल्या, मला गॅलरीजवळ घेऊन गेल्या, तिथे सोललेली काकी (पर्सिमन) फळं दोरीला ओवून वाळत घातली होती, एकेक सुटं, एकमेकांना लागू न देता, आणि त्यांनी मला हाताने दाखवलं की मधूनमधून ती हलकेच चोळायची, म्हणजे आतून मऊ होतात. त्या रात्री माझ्या सात ओळी झाल्या आणि 'वाळवणं'साठी शब्द शोधायला डिक्शनरी उघडावी लागली. होसु. तो शब्द मी आजतागायत विसरले नाही, पुस्तकातले कितीतरी विसरले.

तुझ्या ओळीही महिनाभर तशाच कोरड्या आल्या तर मग प्रश्न जपानचा नाही, दिवसाचा आहे, आणि तो जिथे आहेस तिथेच हाताळावा लागेल. आणि झोप, भूक उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल तर आधी डॉक्टरांना भेट, प्लीज, यात लाजायचं काही नाही.

जायचं ठरलंच तर तुझी डिग्री कामाची आहे, शिक्षणाशी जुळणारी नोकरी देणारी कंपनी मिळाली तर वर्क व्हिसाचा रस्ता आहे. २०१९ पासून स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर नावाच्या व्हिसाचाही आहे, त्याला साधारण एन४ एवढं (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) जपानी आणि त्या कामाची परीक्षा लागते, पण ती कामं केअरगिव्हिंग, हॉटेल, शेती अशी, अकाउंट्स नाही. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात फी आणि भाडं दोन्ही निघेल या भरवशावर कुणी राहू नये, मी राहिले होते आणि दुसऱ्या सेमिस्टरला घरून पैसे मागवावे लागले.

डिसेंबरच्या जेएलपीटीला एन५, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी दे, फॉर्म काही महिने आधीच बंद होतात तेवढं बघ. त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कुणाशी तरी तोंडाने बोल, ऑनलाइन का होईना. आईला व्हिडिओ दिसतात म्हणून खूळ वाटतं, तिला ती वही दाखव, तिच्याबद्दलची एखादी ओळ वाचून अर्थ सांग.

आणि पहिल्या तीन ओळी मला पाठव, चुका असू देत, मी बघून परत लिहीन तुला.