आधी पाणी, मग बाकीचं

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. दहा किलोमीटर आरामात धावतेस, सायकल रोजचीच आहे, पोहणं ‘तसं येतं’ आणि तीन महिन्यांनी पहिली ट्रायथलॉन करायचीय. ‘काका, जमेल ना?’ असं विचारलंयस. जमेल. पण त्या ‘तसं येतं’पाशी मी थबकलो. हे पत्र बरंचसं त्याबद्दलच असणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

अंतराचा प्रश्न पहिल्यांदा उरकून टाकू. स्प्रिंट, म्हणजे छोटं अंतर, घे. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नवख्याला दीड-दोन तास लागतात. ऑलिम्पिक अंतर याच्या बरोब्बर दुप्पट असतं, ते नंतर बघू. आयर्नमॅनचं, म्हणजे फार लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं, नाव तू काढलं नाहीस, पण मनात असणार; या खेळात शिरणाऱ्या बहुतेकांच्या मनात ते असतंच. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले होते, १२ जणांनी पूर्ण केली. ती कल्पना ज्यांची, त्या जॉन आणि जुडी कॉलिन्स या नवरा-बायकोनेसुद्धा त्याआधी, १९७४ साली, सॅन डिएगोच्या मिशन बेमधली छोटी ट्रायथलॉन केली होती, आणि तिथलं पोहण्याचं अंतर आजच्या स्प्रिंटपेक्षाही कमी होतं. तेव्हा छोट्या अंतराची लाज वाटू देऊ नकोस. अर्ज भरण्याआधी पोहणं जलतरण तलावात आहे की नदी-समुद्रासारख्या उघड्या पाण्यात, आणि प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा किती, एवढं नीट वाचून घे.

आता पाणी.

एक काम कर. उद्या तलावावर जाऊन न थांबता २०० मीटर फ्रीस्टाइल पोह. वेळ बघू नकोस. बाहेर आल्यावर दोन वाक्यं सलग बोलता आली तर तीन महिने पुरेत. काठ धरून धापा टाकत उभी राहिलीस तर शर्यत पुढची निवड. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. चांगलं धावणाऱ्यांना वाटतं की आपला दम मोठा आहे, तर पाण्यातही तो पुरेल. पाण्यात दम कमी पडतो म्हणून माणूस सहसा थांबत नाही, श्वास बाहेर सोडत नाही म्हणून थांबतो. डोकं पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवायचा, तोंड वर आलं की घाईघाईने आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, असं बहुतेक नवखे करतात. त्यात आत घ्यायला वेळच उरत नाही, छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. प्राणवायू पुरेसा असतानाही.

म्हणून पहिले दोन आठवडे वेगाचं नाव काढू नकोस. तोंड पाण्यात गेलं की नाका-तोंडातून बुडबुडे सुरू झाले पाहिजेत, हळू आणि सलग. मान वळवायच्या क्षणाला छाती जवळजवळ रिकामी असली की हवा आपोआप आत येते, ओढावी लागत नाही. श्वास घेताना एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. दोन्ही डोळे बाहेर आले तर डोकं जास्त उचललं गेलंय असं समज. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग तू पाण्यातून सरकत नाहीस, पाणी ढकलत बसतेस. पाणी हवेच्या आठशेपट दाट आहे. तिथे ताकदीने फार काही साधत नाही, शरीर आडवं आणि लांब ठेवल्याने साधतं. पायही जोरात मारू नकोस. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि याच पायांना पुढे २० किलोमीटर सायकल मारायची आहे.

सरावात २५ मीटर पोह, वीसेक सेकंद थांब, पुन्हा २५. असे दहा-बारा तुकडे. सगळे सारख्याच शांतपणे जमू लागले की ५० चे कर, मग १०० चे. सलग अंतर असंच वाढतं. रोज जीव तोडून ‘आज किती जमतंय बघू’ केल्याने फक्त वाईट सवयी पक्क्या होतात. शर्यतीच्या तीन आठवडे आधी तलावात सलग १००० मीटर शांतपणे झाले पाहिजेत. अंतर ७५० असताना १००० कशाला, तर बाहेरच्या पाण्यात कोणी सरळ रेषेत पोहत नाही.

बाहेरचं पाणी म्हणजे तळाला काळी रेघ नाही, पंचवीस मीटरला भिंत नाही, आणि पुष्कळदा स्वतःचा हातही दिसत नाही. तिथे दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, कुठे आहे ते बघायचं आणि त्याच ओघात मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. हे तलावातही शिकता येतं. काठावर रंगीत बाटली ठेव आणि तिच्या रोखाने पोह. शर्यतीआधी निदान तीन-चार वेळा उघड्या पाण्यात उतरायचं. एकटीने कधीही नाही. कमरेला बांधायचा रंगीत फुगा आणि सोबत जाणकार माणूस, या दोन गोष्टींशिवाय पाय बुडवायचा नाही.

शर्यतीत सुरुवातीला पाठीमागे आणि कडेला उभी राहा. तरीही कोणाचा तरी हात तुझ्या डोक्यावर पडेल, गॉगल सरकेल, श्वास अडकेल. अशा वेळी उताणी हो. आकाशाकडे तोंड करून दहा श्वास घे. नियमात कोणताही स्ट्रोक चालतो, ब्रेस्टस्ट्रोक चालतो, सुरक्षेच्या होडीला धरून थांबणंही चालतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पाणी गार असेल तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जलद होतो, म्हणून परवानगी असेल तर सुरुवातीआधीच उतरून तोंडावर पाणी घे आणि श्वास जाग्यावर येऊ दे. आणि एक गोष्ट जी तुझ्या वयात कोणी मनावर घेत नाही: ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, आणि त्यांत हृदयाचं कारण मोठं आहे. कधी चक्कर आली असेल, व्यायामात छातीत दुखलं असेल, घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेलं असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय पुढचं काही नाही.

आठवड्याची मांडणी तुला आवडणार नाही. पोहणं तीनदा, सायकल दोनदा, धावणं दोनदाच, आणि त्यातलं एक सायकलला जोडून. एक दिवस पूर्ण आराम. तुझ्या लाडक्या धावण्याला एवढंच का? कारण ते तुला येतं. आणखी दहा तास धावलीस तर ५ किलोमीटरात मिनिटभर वाचेल; तेच दहा तास पाण्यात घातलेस तर सायकलपाशी तू माणसासारखी पोचशील. आपल्याला जे येतं त्याचाच सराव करावासा वाटतो, कारण तिथे बरं वाटतं. हा मोह शेवटपर्यंत सुटत नाही, माझाही सुटलेला नाही.

वेग सगळीकडे गप्पा मारता येतील इतकाच. सायकलवर किंवा धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर हळू हो. आठवड्यातून एकदा, एका प्रकारात, थोडं जोरात चालेल. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या फार सावकाश घट्ट होतात, आणि दम आहे म्हणून पळत सुटलेल्याची नडगी नाहीतर टाच हटकून दुखते. तीन आठवडे वाढव, चौथा हलका ठेव. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायची नाही. गेला तो गेला.

सायकलचं थोडक्यात. असलेली सायकल चालेल, ब्रेक चोख हवेत आणि हँडलची टोकं बुचाने बंद हवीत, नाहीतर तपासणीत अडवतात. सीटची उंची बघ: टाच पेडलवर ठेवून ते सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा हवा तेवढाच वाकतो. जड गिअर दाबत बसू नकोस, मिनिटाला ८०-९० फेऱ्या पडतील असा हलका ठेव. पंक्चर काढायला शीक, तेही घरी, घड्याळ लावून. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं हौशी शर्यतींत बहुधा चालत नाही. अंतर किती ठेवायचं ते नियमपत्रकात असतं. इअरफोनवर बंदी असते, त्यामुळे धावतानाची तुझी गाणी आत्तापासूनच कमी कर.

खर्चाचं विचारलंयस. कार्बनची चाकं, घड्याळ, निमुळतं हेल्मेट, सगळं राहू दे. पैसे असतील तर पोहण्याच्या चांगल्या कोचकडे चार-पाच तास घे. दुसरी काही खरेदी सुचवायची झाली तर ट्रायसूट, कारण तो घालून पोहता, सायकल चालवता आणि धावता येतं आणि ओल्या अंगावर कपडे चढवायची झटापट वाचते.

ती झटापट काय असते ते बघायचं असेल तर घरीच करून बघ. अंघोळीनंतर अंग न पुसता, श्वास फुललेला असताना मोजा घाल. ओला पाय मोज्यात अर्ध्यावर अडकतो, मोजा टाचेपाशी पिळवटतो, तू एका पायावर उड्या मारतेस आणि शेवटी खालीच बसतेस. आता तोच मोजा आधीच टाचेपर्यंत उलटा करून ठेव, आत थोडी पावडर टाक, पायाखाली छोटा टॉवेल. एका ओढीत वर येतो. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना होणाऱ्या या अदलाबदलीलाच ट्रान्झिशन म्हणतात. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, त्यात गॉगल. आधी हेल्मेट डोक्यावर, बक्कल लागल्याचा ‘टक’ आवाज, आणि मगच सायकलला हात. परत येताना उलट: सायकल स्टँडवर अडकवल्याशिवाय बक्कल उघडायचं नाही. यावर दंड बसतो, आणि ओल्या थरथरत्या बोटांना बक्कल सापडत नाही, म्हणून डोळे मिटून वीस वेळा लावून बघ. ट्रान्झिशनच्या जागेत सायकल चालवायची नाही, हाताने धरून रेघेपलीकडे न्यायची. शर्यतीच्या सकाळी पाण्याच्या वाटेने चालत येऊन आपली रांग कितवी, जवळ खूण काय, हे बघून ठेव. शेकडो सायकलींत आपली शोधणं फार केविलवाणं असतं.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याला ब्रिक म्हणतात. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. पहिल्यांदा वाटेल हे पाय आपले नाहीत. गुडघे उचलत नाहीत आणि गंमत म्हणजे वेग मात्र वाटतो त्याहून जास्त असतो. छोटी पावलं टाक. सात-आठ मिनिटांत पाय परत येतात, दर वेळी येतात. हा अनुभव अंगी असला की शर्यतीत घाबरायला होत नाही. शेवटचा किलोमीटरभर सायकल हलक्या गिअरवर घे.

खाण्याचं एवढंच: त्या दिवशी पोटात नवीन काहीही नको. जे खाऊन तू लांबच्या सरावाला जातेस तेच, अडीच-तीन तास आधी. सायकलवर घोट घोट पाणी, वाटल्यास साखर-मीठ घातलेलं, तहानेच्या अंदाजाने. उगाच लिटरभर ढोसू नकोस, जास्त पाण्यानेही रक्तातलं सोडियम उतरतं. शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा कर. अंगात सुस्ती येईल, नसलेली दुखणी जाणवतील, ‘तयारी बुडाली’ असं वाटून तू लपून धावायला जाशील. जाऊ नकोस.

बाकी प्रश्न पुष्कळ असतील, ते हळूहळू. उद्याचे २०० मीटर झाले की कोणाला तरी तलावाच्या काठाने तुझ्या बरोबरीने चालायला सांग आणि बाजूने व्हिडिओ काढून घे, समोरून नको. कंबर दिसली पाहिजे आणि बुडबुडे दिसले पाहिजेत. मला पाठव, मग पुढच्या आठवड्याचं ठरवू.

तुझा,
काका