कोरियनमध्ये 'तुम्ही' कुठे गेलं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : "कोरियन शिकते आहे. शब्दकोशात 'तुम्ही'साठी 'तांगशिन' दिलंय, पण आमच्या बाई म्हणतात, कुणालाही तांगशिन म्हणू नकोस. मग अनोळखी माणसाला नम्रपणे काही विचारायचं कसं?"

बाईंचं ऐका. 'तांगशिन' नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, गाण्यांत आणि जाहिरातींत तो भेटतो, आणि रस्त्यावर भांडण जुंपलं की हमखास बाहेर निघतो. सोलमधल्या दुकानदाराला तांगशिन म्हणालात, तर त्याला "अहो, स्वतःला समजता कोण?" असा सूर ऐकू येईल.

आपला आदर तू, तुम्ही, आपण यांत दिसतो, म्हणून आपण आधी सर्वनाम शोधायला जातो. कोरियनमध्ये ते सरळ गाळायचं. हाक मारायची तर 'चोगीयो' म्हणजे आपलं 'अहो, ऐकता का'. दुकानाच्या मालकाला 'साजांगनिम', आणि खानावळीतल्या मध्यमवयीन बाईंना पुष्कळ जण 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे चक्क मावशी! तेवढं तरी आपल्याला शिकवावं लागत नाही.

सगळा मान क्रियापदाच्या शेपटात असतो. शेवटी 'यो' आला की बोलणं सभ्य झालं. त्याच्या आधी 'शी' हा प्रत्यय शिरला की क्रिया करणाऱ्यालाही मान मिळाला. दोन्ही मिळून 'सेयो' होतं. 'ओदी कायो?' (कुठे जाता?) हे सभ्य, 'ओदी कासेयो?' हे आदरार्थी. प्रश्नासाठी वेगळा 'का'ही लागत नाही. 'यो'च्या बोलण्यात विधान आणि प्रश्न यांचं रूप एकच, फरक सुराचा.

हे 'ओदी कासेयो?' फार मजेदार आहे. 'ओदी' म्हणजे 'कुठे', पण 'कुठेतरी'सुद्धा. शेवटी सूर चांगला चढवला तर अर्थ होतो "कुठे निघालात का?" शेजारी जिन्यात भेटले की असंच विचारतात, आणि पत्ता सांगायची कुणाची अपेक्षा नसते. 'ने, ओदी जोम कायो', म्हणजे "हो, जरा एके ठिकाणी", एवढं पुरतं. आपल्याकडे निघताना 'कुठे' विचारलं की काम फिसकटतं असं मानणारी मंडळी आहेत. तिकडे बिनधास्त विचारा.

त्या उत्तरातला 'जोम' लक्षात ठेवा. मूळ अर्थ 'थोडं', पण काम आपल्या 'जरा'चं. 'मुल जोम जुसेयो', जरा पाणी द्या. आणखी मवाळ हवं तर 'मुल जोम जुशिगेस्सोयो?', जरा पाणी द्याल का?

आता नाव. बरोबरीच्या माणसाला 'इरुमी म्वोयेयो?' (नाव काय?) चालतं. मोठ्यांना, ग्राहकांना मात्र नामही बदलावं लागतं : 'सोंगहामी ओत्तोके त्वेसेयो?' शब्दशः "शुभनाव कसं होतं?" 'काय' थेट विचारण्याऐवजी 'कसं'चा आडोसा घेतलाय. वयाचंही तसंच. समवयस्काचं 'नाई', आजोबांचं 'योनसे', पुढे तेच 'ओत्तोके त्वेसेयो?' नुकत्याच झालेल्या ओळखीत वय विचारलं म्हणून रागावू नका. कोण मोठं, कोण लहान हे कळल्याशिवाय पुढे कोणत्या पायरीवर बोलायचं हे त्यांना ठरवता येत नाही.

मराठी माणूस अडखळतो तो मात्र उत्तर देताना. 'शिक्सा हाश्योस्सोयो?' म्हणजे "जेवलात का?" मराठीत 'जेवलात'चं 'जेवलो' आपोआप होतं, कारण आपलं क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतं. कोरियन क्रियापद तसं बदलत नाही. म्हणून नवा विद्यार्थी प्रश्नातलंच रूप उचलून 'ने, हाश्योस्सोयो' म्हणतो, आणि स्वतःलाच 'आपण जेवलात' म्हणून बसतो. स्वतःबद्दल बोलताना तो 'शी' काढून टाका : 'ने, हेस्सोयो'.

ही गडबड परक्यांचीच असते असं नाही. कोरियातल्या कॅफेंत अतिनम्र पोरं 'खोपी नाओश्योस्सुम्निदा' म्हणतात, "कॉफी आल्या आहेत", म्हणजे 'शी'चा मान ग्राहकाला नाही, कॉफीला! तिथले भाषातज्ज्ञ याला चूक म्हणतात. कॉफी तरीही रोज मानाने येते.