बहिणीने वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला तर माहेर तुटतं का? वकील म्हणून तुमचा अनुभव काय?

तुम्ही लिहिलंय की वडील वारले, मागे आई, तुम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. थोरले बंधू म्हणतात, बहिणींच्या सह्या घेऊन मोकळे होऊ. धाकटी ‘नाही’ म्हणाली तर भाऊबीज बंद होईल, ही तुमची धास्ती.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवतो. वडील वकील होते, आजोबा गावातले पंच. भावकीची भांडणं आमच्याच ओसरीवर मिटायची, नाहीतर तिथूनच चिघळायची. आजोबांच्या हातचे वाटणीचे कागद अजून घरात आहेत. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, बांधावरचा आंबा कुणाचा, बैलांना वाट कुठून, सगळं बारकाईने लिहिलेलं. लेकीबाळींचं नाव एकाही कागदात नाही. पण एक रीत चांगली होती. कागद लिहून झाला की सगळ्या हिस्सेदारांसमोर मोठ्याने वाचला जायचा, मगच अंगठे उठायचे.

आता कायद्याचं. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. त्यामुळे एकाच घरात थोरलीला नाही आणि धाकटीला आहे, असा प्रकार झाला. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 मधली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नको, यावर बरीच वर्षं कोर्टांत घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं, हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ हे नुसतं म्हणून भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. थोडक्यात, तुमच्या बहिणी हिस्सा ‘मागत’ नाहीत. तो त्यांचा आहेच.

नातं तुटतं का? तुटतं, पण मी पाहिलंय ते हिस्सा मागितल्याने कमी आणि न सांगता सही घेतल्याने जास्त. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी दुसऱ्याच कामाला उभा होतो. शेजारच्या टेबलावर एक ताई हक्कसोडपत्रावर सही करत होत्या. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे’ हे नेहमीचं वाक्य त्याच कागदावर छापलेलं. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा झाला आणि मग त्यांनी भावाला विचारलं, “वारसाच्या नोंदीचंच ना रे हे?” भाऊ म्हणाला, “हो, तेच.” असे कागद पुढे दाव्यात येतात. फसवून सही घेतली हे शाबीत करायला वर्षं जातात आणि तोवर पुढची पिढी एकमेकांच्या लग्नाला जायची बंद झालेली असते.

याच्या उलटही पाहिलंय. एक पक्षकार बाई म्हणाल्या, “मला जमीन कसायची नाही, उत्पन्नही नको. पण बापाच्या सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे.” आमच्याकडे बहिणींची नावं सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न लावता बाजूच्या ‘इतर हक्कात’ टाकायची जुनी खोड आहे. त्यांच्या भावांनी आपणहून नाव कब्जेदारांत लावून घेतलं. पुढे विहिरीला पैसे कमी पडले तेव्हा त्याच बहिणीने दिले. दरवेळी असं गोड होतंच असं नाही. काही बहिणी रोख हिस्सा मागतात, आणि त्यात गैर काहीच नाही. भावाच्या कर्जाला जमीन तारण चालते, मग बहिणीच्या अडचणीला का नको?

तुम्ही काय करावं, तर आधी वारसांची नोंद सर्वांच्या नावाने करून घ्या, बहिणींसकट. मात्र ही नोंद, म्हणजे फेरफार, मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद आहे. मग चौघं आणि आई एकत्र बसा. एकमत झालं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तुकडेबंदीमुळे फार लहान तुकडे पाडता येणार नाहीत, हे तलाठ्याकडून आधी विचारून घ्या. हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढचा जबाब किंवा स्टॅम्पवरची चिठ्ठी पुरत नाही. दावा आधीच पडला असेल तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा (डिक्रीचा) दर्जा असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

सहीआधी मसुदा घरी न्या आणि बहिणींना वाचून दाखवा, हवं तर त्यांच्या वकिलालाही दाखवू द्या. थोरल्या बंधूंना हा वेळकाढूपणा वाटेल, वाटू द्या. आणि हो, या सगळ्यात आईच्या हिश्शाचा विषय तुमच्या प्रश्नात कुठेच आला नाही. तोही वेगळा असतो, आणि तिने काय करायचं ते तिलाच विचारावं लागेल.