खांदा बरा झालाय, मग गोल्फची काठी वर का जात नाही?

‘सर्जन म्हणतात खेळा, फिजिओ म्हणते खेळा, पण क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खांद्याच्या वर गेला की हात आपोआप थांबतो. मी भित्रा झालोय का?’ खांद्याच्या दुखापतीनंतर पुन्हा गोल्फ खेळू पाहणाऱ्या एका गृहस्थांनी असं विचारलंय. हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या खेळांच्या नावाने येतो. कुणाचा क्रिकेटमधला थ्रो अडलेला असतो, कुणाचा व्हॉलीबॉलचा स्मॅश. सरळ उत्तर देण्यापेक्षा एक केस सांगते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

त्यांना आपण म्हात्रे काका म्हणू. साठी ओलांडलेले. नोकरी मुंबईत झाली, तिथे साहेबाच्या नादाने गोल्फ शिकले आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळ वडिलोपार्जित वाडी बघायला आले. घराजवळ मैदान नाही. पण जुन्या चौघांचा कंपू टिकून होता. पहाटे अंधारात गाडी काढायची आणि वडखळ, पेण, पनवेल करत खारघरला सिडकोच्या मैदानावर पोचायचं, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. नारळीपोफळीच्या वाडीतला माणूस एवढं लांब जाऊन गवतावर चेंडू मारतो, याची गावात थट्टा व्हायची. काकांना ती आवडायची.

ऐन श्रावणात विहिरीकडच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय घसरला आणि ते डाव्या हातावर पडले. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडापासून सुटला होता. मुंबईत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून तो शिवला. सहा आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी. आठ महिने झाल्यावर सर्जनने हळूहळू खेळायला परवानगी दिली. काकांनी अंगणात क्लब हातात घेतला, मागे नेला, आणि हात अर्ध्यातच थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. क्लब आत नेऊन ठेवला तो ठेवलाच.

त्यांची भीती खुळचट नव्हती, हे आधीच सांगते. काका उजवे खेळाडू, म्हणजे स्विंगमध्ये, क्लब फिरवून चेंडू मारताना, त्यांचा डावा खांदा पुढचा. क्लब मागे नेताना हाच हात छातीवरून आडवा ओढला जातो आणि चेंडू मारून झाल्यावर हाच बाहेर फिरत वर जातो. गोल्फरचा खांदा दुखावतो तो बहुतेक वेळा हा पुढचाच. शिवलेल्या खांद्याच्या माणसाने तिथे बिचकणं स्वाभाविक आहे. ‘काही होत नाही हो, बिनधास्त मारा’ असं सांगणारे मित्र चांगले असतात, पण त्या सांगण्याचा उपयोग शून्य. धीर दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि तासाभराने माणूस दुसऱ्या कुणाकडून तेच ऐकायला जातो.

काका माझ्यासमोर बसले तेव्हा मला त्यांच्या बोलण्याआधी त्यांचा उजवा हात दिसला. दर दोन वाक्यांनी तो डाव्या खांद्यावर जायचा, हाडाच्या टोकाशी बोटं दाबून बघायची आणि परत मांडीवर. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. घरीही हेच चालायचं. न्हाणीच्या दाराशी उभं राहून हात वर करून बघायचा, दुखतंय का? आरशासमोर पुन्हा. रात्री कूस बदलली की पुन्हा. दिवसभर दाबून बघितलेला कुठलाही सांधा संध्याकाळी कुरकुरणारच. मग ती कुरकुर ‘टाके सुटताहेत’ याचा पुरावा होते.

हालचालीच्या भीतीसाठी टॅम्पा स्केल नावाची १७ विधानांची प्रश्नावली आहे. किमान गुण १७, कमाल ६८, आणि ३७ च्या वर गेले की भीती जास्त आहे असं साधारण धरतात. काकांकडून मी ती भरून घेतली. खात्री होती की गुण चांगलेच वर जाणार. ते ३७ च्या खालीच राहिले. इथे मी जरा थांबले.

उलगडा काकूंनी केला. त्या सोबत आल्या होत्या, बाहेर बसल्या होत्या. आत बोलावलं तर पहिलंच वाक्य, ‘मॅडम, ह्यांना विचारा, काल किती नारळ सोलले.’

काका गप्प.

‘अंगणातल्या पहारेवर बसून ढीगभर सोलले. मी नको म्हणत होते. तेव्हा नाही तो खांदा आठवला.’

त्यांच्या फिजिओशी मी फोनवर बोलले. तिने सांगितलं की दोन्ही जोरांची सरसकट तुलना करू नका. पहारेवर नारळ दाबताना हात अंगाजवळ असतात आणि शरीराचं वजन वरून पडतं, गोल्फमध्ये हात अंगापासून लांब आणि वेगात फिरतो. बरोबर आहे. पण माझ्या कामाचा मुद्दा वेगळा होता. ज्याला खांदा पुन्हा फाटण्याचीच धास्ती आहे, तो माणूस पहारेजवळ फिरकणार नाही. काकांची भीती एकाच जागी बसली होती, क्लबवर. आणि गंमत म्हणजे ते पडले होते विहिरीच्या पायऱ्यांवर, गोल्फने त्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं. त्या पायऱ्या ते रोज उतरत होते.

मग मी विचारलं, ‘समजा खांद्याला काहीही होणार नाही असं सर्जनने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. येत्या रविवारी जाल?’

त्यांनी बराच वेळ घेतला. ‘नाही जाणार.’

‘का?’

‘चेंडू कुठे पडेल ते बघायला तिघं उभे असतात ना.’

माझ्या अनुभवात दुखापतीनंतर खेळायची भीती म्हणून जे समोर येतं त्यात पुष्कळदा दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक, पुन्हा लागेल. दुसरी, मी आता पूर्वीचा राहिलो नाही हे चारचौघांत दिसेल. पहिलीबद्दल बोलायला लाज वाटत नाही, डॉक्टरही तिच्याबद्दल विचारतात. दुसरी तिच्या पदराआड लपते. उपचार पहिलीवरच होत राहिले तर माणूस वर्षभर व्यायाम करतो, खांदा ठणठणीत होतो आणि क्लब जागचा हलत नाही. म्हणून तुम्हालाही आधी तोच स्टॅम्पपेपरचा प्रश्न विचारते. त्याचं उत्तर ‘हो, लगेच जाईन’ असेल तर तुमचं काम मुख्यतः फिजिओकडे आहे. ‘तरी नाही’ असेल तर पुढचं वाचा.

कंपूचं काय झालं होतं तेही कळलं. मित्रांनी सुरुवातीला फोन केले. काकांनी एकदा पाहुणे आल्याचं सांगितलं, एकदा सुपारी काढायची असल्याचं. मग फोन थांबले. काकांनी अर्थ काढला की आपल्याला वगळलं. मित्रांनी विचार केला होता की उगाच कशाला अवघडवायचं. टाळाटाळीचं हे असंच असतं, तिच्यातूनच तिला पुरावे मिळत जातात.

त्यात एका मित्राने उमेद द्यायला बेन होगन या अमेरिकन गोल्फरची गोष्ट पाठवली होती. फेब्रुवारी १९४९ मध्ये होगनच्या गाडीला समोरून बस धडकली. कंबरेचं हाड, गळ्याजवळचं हाड, घोटा मोडला. तरी जून १९५० मध्ये त्याने यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली. काकांनी हिशोब केला, सोळा महिन्यांत तो ओपन जिंकतो आणि मी आठ महिन्यांत अंगणात हात वर नेऊ शकत नाही. या गोष्टी अर्ध्याच सांगितल्या जातात म्हणून मला त्यांचा राग येतो. होगनचे पाय पुढे कायम त्रास देत राहिले, त्याने खेळणं खूप कमी केलं. १९५३ साली तो जेमतेम सहा स्पर्धा खेळला. त्यातल्या पाच जिंकला हे सगळे सांगतात, सहाच का खेळला हे कुणी सांगत नाही.

कामाला दोन बाजूंनी सुरुवात केली.

खांद्याची बाजू फिजिओने आखली. आधी फक्त पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलणं, सारवलेल्या अंगणात, हात कमरेच्या खाली. मग वाडीत छोटे चिप, म्हणजे चेंडू जरासा उचलणारे आखूड फटके, तेही भोकं असलेल्या हलक्या प्लॅस्टिकच्या चेंडूंनी. नंतर वेज आणि छोटे आयर्न, म्हणजे जवळच्या फटक्यांचे क्लब, अर्धा स्विंग, चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवून, कारण क्लब जमिनीत रुतला तर धक्का थेट खांद्यात जातो. काकांना ओहोटीच्या ओल्या वाळूवर सराव करायचा होता, तो तिने याच कारणाने साफ नाकारला. एक दिवस खेळ, एक दिवस विश्रांती. हात उंच नेण्यापेक्षा छाती आणि कंबर जास्त वळवायची. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा सगळ्यात लांब क्लब, सगळ्यात शेवटी. दुखण्याचा नियमही तिने ठरवून दिला. खेळल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर एक पायरी खाली यायचं. रात्री झोपमोड करणारं दुखणं, हातातली ताकद अचानक जाणं किंवा मुंग्या येणं असेल तर खेळ बंद आणि सर्जनकडे.

माझी बाजू एका वहीची. क्लब हातात घेण्याआधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, आणि दुसऱ्या सकाळी काय झालं ते त्याच्यासमोर. भीती जाईल मग खेळेन, असं म्हणणाऱ्याची भीती जात नाही. तिला खोटं ठरवणारा अनुभव लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो, नाहीतर मन सोयीने विसरतं. त्यांच्या वहीतली एक नोंद त्यांच्या संमतीने देते. डावीकडे: ‘वेज मारल्यावर रात्री झोप लागणार नाही.’ उजवीकडे: ‘साडेदहाला झोपलो. मध्ये उठलो ते डासांमुळे.’ हाताने खांदा चाचपून बघणंही बंद करायचं ठरलं. तपासायचा तो फिजिओने, तिच्या भेटीच्या दिवशी. काकांना सगळ्यात अवघड गेलं ते हेच.

दुसऱ्या भीतीसाठी मी त्यांना एक फोन करायला सांगितलं. मित्राला खरं सांगायचं, पाहुणे आणि सुपारी न आणता. ‘मला लाज वाटते’ हे शब्द त्यांना जमेनात. शेवटी म्हणाले ते असं, ‘अरे, माझा चेंडू आता जवळच पडणार, तुम्ही पुढे निघून जाल.’ पलीकडून उत्तर आलं की त्याच्या स्वतःच्या गुडघ्यामुळे तो गेले काही महिने पुढच्या टीवरून, म्हणजे खड्ड्याला जवळ पडणाऱ्या सुरुवातीच्या जागेवरून खेळतोय, आणि हे सांगायला त्यालाही कसंतरी वाटत होतं.

काकूंशी मात्र वेगळं बोलावं लागलं. ‘कशाला हवंय आता, बसा घरी’ हे त्या रोज म्हणायच्या आणि काका मनातून त्याला हो म्हणायचे. सहा आठवडे नवऱ्याला सदरा घालणं, केस विंचरणं, रात्री उशा लावून देणं त्यांनी केलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांना पुन्हा तो पावसाळा नको होता. मी त्यांना खेळायला परवानगी द्या असं सांगितलं नाही. एवढंच ठरलं की विहिरीच्या पायऱ्या घासून घ्यायच्या आणि कडेला लोखंडी कठडा लावायचा. घसरण्याचा खरा धोका तिथे होता. ते काम झालं आणि काकूंचं ‘बसा घरी’ बरंच कमी झालं.

काका दिवाळीच्या आधी खारघरला गेले. नऊ होल, म्हणजे नऊ खड्डे, पुढच्या टीवरून. तिसऱ्या होलवर हात पुन्हा मध्येच थांबला, चेंडू जेमतेम पुढे सरकला. त्यांनी तसाच दुसरा फटका मारला. अशा दिवसाची तयारी आम्ही आधी करून ठेवली होती. हात थांबला म्हणजे पहिल्यापासून सुरुवात असं नाही, पुढचा चेंडू मारायचा. फटके पूर्वीपेक्षा आखूड पडतात आणि ते काकांना अजून खुपतं, हेही खरं.

ड्रायव्हर ते अजून गाडीत घालत नाहीत. फिजिओचं म्हणणं आता हरकत नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘बघू, शिमगा होऊ दे.’ मी आग्रह केला नाही.