औद्योगिक अल्कोहोलचा आलेख: २०१४ नंतरची चढण खरी आहे, पण आधी मोजमाप तपास

प्रश्न निपाणीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. देशातल्या औद्योगिक अल्कोहोलच्या उत्पादनाचा स्वातंत्र्यापासूनचा आलेख तिला काढायचाय. दोन तक्ते मिळाले, पण त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय २०१४ नंतर रेषा भिंतीसारखी उभी राहते, ती खरी की टायपिंगची चूक, असं तिनं विचारलंय. मी अथणी-कागवाड भागातल्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो, आता बेळगावात निवृत्त. लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

आकडे का जुळत नाहीत ते आधी. जुन्या अबकारी कागदांत स्पिरिट प्रूफ लिटरमध्ये लिहायचे. प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. आपलं रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे कारखान्यात गाळलेलं अल्कोहोल, ९५ टक्क्यांचं, त्यामुळे टाकीतला एक बल्क लिटर (म्हणजे तीव्रता न बघता नुसता मापलेला लिटर) कागदावर १.६६ प्रूफ लिटर व्हायचा. एक तक्ता बल्कचा आणि दुसरा प्रूफचा असेल तर जुळणार कसे? दुसरी गोम वर्षाची. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, साखरेचं ऑक्टोबरला आणि अल्कोहोलचं डिसेंबरला. इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, त्याच्या पुरवठ्याचं वर्षही डिसेंबर ते नोव्हेंबर असायचं, ते पुढं नोव्हेंबर ते ऑक्टोबर केलं. त्या बदलात २०२२-२३ अकरा महिन्यांचंच भरलं. ते पूर्ण वर्ष धरून सरासरी काढू नकोस.

आता रेषेचं. कित्येक दशकं आपल्याकडं अल्कोहोल म्हणजे मळी, दुसरं काही नाही. (आमच्याकडचा शेतकरी ‘मळी टाकली’ म्हणतो तेव्हा त्याच्या शेतात प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, पडलेला असतो. मी म्हणतोय ते मोलॅसिस, साखर काढून उरलेलं, काळं, गुळमट, बोटाला चिकटलं की साबणानंही लवकर न जाणारं.) एक टन ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते आणि तिच्यातून जेमतेम दहा लिटर अल्कोहोल. अल्कोहोलसाठी ऊस कुणी लावत नव्हतं. पाऊस गेला, ऊस घटला, की आमच्या फर्मेंटरला, म्हणजे मळी आंबवायच्या टाक्यांना, काम नाही. म्हणून तुझ्या आलेखाचा जुना भाग ही खरं तर उसाचीच सावली आहे.

मळी आली कुठून? १९३२ साली साखर धंद्याला जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशभर कारखाने भराभर उभे राहिले. उगारचा कारखाना १९३९ चा, त्याच लाटेतला. साखर विकली जायची, मळीचं करायचं काय हा प्रश्न पडायचा. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदा १९४८ चा आहे, त्यामुळे इथेनॉल मिश्रण हे नवीन खूळ आहे असं कुणी म्हणालं तर हसायचं. पण मिश्रण काही जोर धरू शकलं नाही. अल्कोहोल रसायनांच्या कारखान्यांकडं वळलं: ॲसिटिक ॲसिड, इथाइल ॲसिटेट, बरेलीला तर कृत्रिम रबरसुद्धा. १९६१ पासून मळीवर नियंत्रण होतं, भाव आणि वाटप सरकारच्या हातात. मळी इतकी स्वस्त ठरवलेली की ती नीट साठवायला चांगली टाकी बांधावी असं कुणाला वाटत नसे. ते नियंत्रण जून १९९३ मध्ये उठलं.

मग मिरज. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतला एक मिरजेला, आपल्या उंबऱ्यावरच. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरलं. कागदावरचं खूप, टाकीत थोडं. २०१३-१४ साली देशभरात मिसळलं गेलेलं इथेनॉल ३८ कोटी लिटर, म्हणजे दीड टक्का. २०२३-२४ मध्ये ७०० कोटींच्या वर, साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तुझी भिंत खरी आहे.

भिंत उभी राहिली ती ऊस वाढला म्हणून नव्हे. २०१८ पासून बी-हेवी मळीच्या आणि थेट रसाच्या इथेनॉलला सरकारनं वेगळा, चढा भाव दिला. बी-हेवी म्हणजे साखर पूर्ण न काढता मध्येच थांबून घेतलेली मळी. सी-मळीच्या, म्हणजे साखर पूर्ण काढून उरलेल्या नेहमीच्या मळीच्या, एका टनातून सव्वादोनशे लिटर निघतं, बी-हेवीतून तीनशेच्या घरात. आणि साखर न करता रसच आंबवला तर टनभर उसातून सत्तर लिटर. तोच ऊस, सातपट अल्कोहोल. वर मका आणि तुकडा तांदूळ. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं रसावर बंदी घातली, आठवड्यात ती थोडी सैल केली. त्या हंगामात मक्यानं उसाला मागं टाकलं. रेषा आता निव्वळ उसाची सावली राहिली नाही.

‘औद्योगिक’ या शब्दाकडंही नीट बघ. प्यायचं, जाळायचं आणि कारखान्याचं, तिन्ही अल्कोहोल गाळायच्या एकाच तऱ्हेच्या उंच नळकांड्यातून (कॉलममधून) येतं. फरक पुढं पडतो, शुद्धीकरणात किंवा त्यात घाण वासाचं पिरिडीन टाकून ते प्यायला निकामी करण्यात. काही तक्ते इंधन औद्योगिकमध्ये धरतात, काही वेगळं दाखवतात. आमच्या गोदामाला दोन कुलपं असायची, एक कारखान्याचं, एक अबकारीचं. एका थंडीत सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका रसायन कारखान्याचा टँकर अख्खी रात्र उभा राहिला, कारण दुसरी किल्ली ज्या साहेबांकडं होती ते गावी गेले होते. कागवाडहून मिरजेचा दिवा दिसावा एवढं अंतर, पण कागदावर ती ‘निर्यात’, शुल्क आणि परवान्यासकट. ड्रायव्हरनं शेवटी आमच्याच कँटीनमध्ये पथारी टाकली.

औद्योगिक अल्कोहोलवर असं नियंत्रण ठेवायचा अधिकार राज्याचा की केंद्राचा, यावर कोर्टातही भांडण झालं. १९८९ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी औद्योगिक अल्कोहोल राज्यांच्या हाताबाहेर ठेवलं होतं. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ जणांच्या पीठानं आठ विरुद्ध एक असा तो निकाल फिरवला.

तू एक कर. मळी, रस आणि धान्य अशा तीन रेषा वेगळ्या काढ, इंधनाचा वाटा वेगळ्या रंगात दाखव, आणि प्रत्येक आकड्याखाली बल्क की प्रूफ ते लिही. बेळगावातल्या निजलिंगप्पा साखर संस्थेत जाऊन विचार, आणि विचारताना वर्ष कोणतं ते आधी सांग. अडलीस तर दोन्ही तक्त्यांचे फोटो इथंच टाक, मी बघतो.