हरलेला डाव आधी स्वतः पाहा : बुद्धिबळ प्रश्नोत्तरे

मुलगा ९ वर्षांचा आहे. पहिली चाल ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) की डी४ (वजिरापुढचं)? (पालक, रामबाग, इंदूर)

ई४. पट लवकर उघडतो, चुकाही लवकर कळतात.

समोरचा खेळाडू घोडा जी५वर आणतो आणि मुलगी दर वेळी हरते. (सुदामानगर)

मुलगी काळ्या मोहऱ्यांनी खेळते; प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग तिची : ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५. पांढरा प्याद्यानं डी५ मारतो आणि मुलगी घोड्यानं परत मारते. घोटाळा इथं आहे. एफ७वर घोड्याचा बळी येतो, राजाला तो घ्यावा लागतो, मग वजीर एफ३वरून शह देतो आणि डी५चा घोडाही धरतो. घोडा वाचवायचा तर राजा ई६वर, भर पटावर! म्हणून डी५वर घोड्यानं परत मारण्याऐवजी सी६चा घोडा ए५वर न्या. पांढरा उंट बी५वरून शह देतो, सीचं प्यादं सी६वर आडवं घाला, पांढरा ते मारतो, बीच्या प्याद्यानं परत मारा. एक प्यादं जातं, पण पांढऱ्याचा उंट आणि जी५चा घोडा पळवता पळवता तिचे मोहरे बाहेर पडतात. पुढच्या चाली प्रशिक्षकासमोर बसूनच पक्क्या कराव्यात.

'१५ चालींत मात' शिकवणारा कोर्स घ्यावा का?

नको. सापळ्याचा तोड विकणारा दाखवत नाही, प्रतिस्पर्धी दाखवतो.

डाव संपताच स्टॉकफिशवर (चाली तपासणारं संगणकी इंजिन) टाकतो, चुका कळतात. पुरेसं नाही का? (लोकमान्य नगर)

नाही. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून सविस्तर सांगतो. इंजिन +२.३ (म्हणजे पांढरा वरचढ) असा आकडा दाखवतं, पण ती चाल खेळताना तुम्ही काय पाहिलं, काय सुटलं, हे त्याला कळत नाही. खरी चूक तिथं असते. त्याच संध्याकाळी पट मांडा, नोंदपत्रक घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत. कुठं घाबरलात, कुठं घाईनं खेळलात, कुठं १५ मिनिटं अडलात, अशा तीन जागांवर खूण करा. प्रत्येक ठिकाणी दोन पर्यायी चाली शोधून कारणासह वहीत लिहा. शक्य असेल तर प्रतिस्पर्ध्यालाही विचारा. इंजिन त्यानंतर. शेवटी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली : माहीत असलेली वाट कितव्या चालीला सुटली तेवढंच पाहा आणि ती एक चाल शिका. २० चाली पाठ करून सहाव्या चालीला अडणारी मुलं फार दिसतात, जीव तुटतो. आठवडाभर पडून राहिलेल्या डावातले विचार आठवत नाहीत, म्हणून उशीर नको. ती वही प्रशिक्षकाला दाखवा.

वेळ संपत आली की चालींची नोंद सोडली तर चालते?

५ मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढत नसतील, तरच. ९० मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद अशा डावात शेवटपर्यंत लिहायचं. शंका असेल तर फेरी सुरू होण्याआधी आर्बिटरला (पंचाला) विचारा.